कालच्या ठळक बातम्या

तीर्थस्वरूप काका,

तुम्हाला आणि काकूला वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे. का, ते पुढे येईल.) ताईला नमस्कार, बाळाचा पापा. तुमचा गुडघा आता कसा आहे? वाकतो का? जिना चढताना दुखतो की उतरताना? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करता, की डॉक्टरांनाच शेजारी बसवून जुन्या गोष्टी सांगता? इकडे सगळं ठीक आहे. आईची कंबर ठीक आहे. बाबा ठीक आहेत. दुकानातल्या आरशाचा तडा जेवढा होता तेवढाच आहे. तुमच्या खुर्चीवर मी पांढरं कापड टाकून ठेवलं आहे आणि तिच्यावर कोणाला बसू देत नाही. एवढ्या सगळ्यांची खुशाली सांगितली आणि रेडिओची सांगितली नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते येऊ नये म्हणूनच बाकीच्यांची इतकी सविस्तर लिहिली होती.

पुढे जाण्याआधी भाऊजींना एक विनंती. भाऊजी, हे पत्र काकांना तुम्हीच वाचून दाखवणार, कारण आमच्या घरात अक्षरओळख माझ्यापासून सुरू झाली आणि अजून माझ्यापाशीच थांबलेली आहे. (ताईला तुम्ही लग्नानंतर सही करायला शिकवलंत, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत.) म्हणजे जावयाने सासऱ्याला वाचून दाखवायचं हे पत्र आणि त्यात सासरच्या घराची अब्रू, असा पेच आहे. म्हणून मी असं ठरवलं आहे की जे काकांनी ऐकायचं ते साधं लिहायचं, आणि जे फक्त तुम्ही मनात वाचायचं ते कंसात घालायचं. (हे असं. हे मोठ्याने वाचू नका.) (वरचा वाकण्याचा कंस तुम्ही वाचून टाकला असेल. त्याला आता इलाज नाही.) हिने फोन का नाही केला, असं काका विचारतील. घरात मोबाइल एकच, तो दुकानात असतो आणि दुकानात बाबा असतात. शिवाय काका, रागावू नका, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही.

तर रेडिओ. तुम्ही ऑपरेशनसाठी ताईकडे निघालात त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती, काकू आत बसून हाका मारत होती, आणि तुम्ही दुकानाच्या फळीवरून रेडिओ काढून माझ्या हातात दिलात, ते आठवतं ना? “हा रेडिओ नाही, ही माझी जीभ आहे,” म्हणालात, “ती इथे ठेवून चाललोय. तुझा बाप, आमचा दादा, तर तोंड उघडत नाही. रेडिओही बंद पडला तर गिऱ्हाइकं म्हणतील, स्मशानात दाढी करायला आलोय की काय.” मग सूचना दिल्यात. काम झालं की सेल काढायचे, कारण सेलना पाणी सुटतं. अँटेना वरच्या जोडाला धरून ओढायची नाही. खरखरला तर डाव्या अंगाला एक चापट मारायची, उजव्या अंगाला नाही, उजव्या अंगाला मारलेलं त्याला आवडत नाही. आणि रिक्षा सुरू झाल्यावर मान बाहेर काढून ओरडलात, “तू शिकलेली आहेस म्हणून तुझ्याकडे देतोय!” त्या वाक्यानेच सगळा घोटाळा केला.

आपल्या घरात शिकलेली म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण भाऊजींना कदाचित माहीत नसेल. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचायचं, हे ठीक आहे. पण शेजारणीच्या फ्रिजमधून आवाज येतो तोही मीच ऐकायचा. दूध नासलं आहे का, याचा शेवटचा वास मी घ्यायचा, कारण आई म्हणते, “आम्हाला काय कळतंय, तू शिकलेली.” मी इतिहास घेऊन पास झाले. रेडिओ इतिहासात येतो, पण बाहेरून येतो, पाठ उघडून नाही. तरीसुद्धा ‘मला येत नाही’ हे शब्द मी या घरात आजवर उच्चारलेले नाहीत. तुम्ही दोघा भावांनी सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडं ठेवून लोकांची डोकी भादरलीत ती माझ्या शाळेसाठी. त्या शाळेतून ‘येत नाही’ असं काही निघालं, तर तेवढी सगळी डोकी फुकट भादरली असं होईल. मला बाबांच्या रागाची भीती नाही. ते रागावत नाहीत. ते नुसते “बरं” म्हणतील आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला लागतील. त्या ‘बरं’ची मला भीती आहे.

रेडिओ तुम्ही दिलात तेव्हा उत्तम होता. (बोलत होता, एवढं नक्की.) माझ्या मनात आलं, काका गुडघा नवा करून येणार, तर रेडिओही नवा दिसावा. हेतू चांगला होता, हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण यापुढे चांगलं असं फक्त हेतूच आहे. मी सेल काढले आणि बाबांच्या वस्तऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवले, दुकानातली सगळ्यांत कोरडी जागा तीच म्हणून. रेडिओच्या चामड्याच्या जाकिटातून केस निघाले. किती जणांचे असतील कोण जाणे, काळे, पांढरे, मेंदी लावलेले. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची आठवण त्यात होती. दाढीचा एक कोरा ब्रश घेऊन (बाबांना विचारून घेतला होता) मी सगळ्या फटी झाडल्या. तेव्हा मीडियम-शॉर्ट असा बँड बदलायच्या सरकत्या बटणाच्या खाचेत मला एक अर्धी, काळपट काडी अडकलेली दिसली. काडीपेटीतली. कचरा म्हणून मी ती चिमट्याने काढली आणि टाकून दिली.

मग सेल घातले, बटण फिरवलं, आणि रेडिओ पूर्वीसारखा बोलेना. (काहीच बोलेना.) डाव्या अंगाला चापट मारली. क्षमा मागून उजव्या अंगालाही मारली. तेव्हा मला कळलं की ती काडी कचरा नव्हती, ती त्या यंत्राचा भाग होती. केरात शोधली, पण केर गेला होता. नवी काडी अर्धी करून घातली, आवाज नाही. गुल असलेली घातली, गुल नसलेली घातली, जळकी घातली, दात कोरायची घातली, शेवटी कंगव्याचा एक दात मोडून घातला. (कंगवा बाबांचा. तोही सांगायचा राहिला आहे.) काका, एका काडीपेटीत इतक्या काड्या असतात, पण त्यातली एकही ती काडी नव्हती.

तिथे थांबायला हवं होतं. शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. मी सेल पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवले आणि पाठ उघडली. प्रत्येक स्क्रू साबणाच्या डबीत क्रमाने मांडला, म्हणजे घोटाळा होणार नाही. घोटाळा स्क्रूंचा झालाच नाही. आत एक दोरी असते हे मला माहीत नव्हतं. बटणापासून निघून छोट्या छोट्या चाकांना वळसे घालत ती काट्यापर्यंत जाते. मी तबकडी नुसती उचलून पाहिली आणि ती दोरी सुस्कारा टाकावा तशी सगळ्या चाकांवरून एकदम सुटली. ती पहिली कशी होती याचं चित्र काढून ठेवायला हवं होतं, हे ती सुटल्यावर सुचलं. परत गुंडाळायला माझा अख्खा रविवार गेला. आता बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे जातो. बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणा, पण मला कळतं, आणि मला ते बघवत नाही. या गडबडीत कर्ण्याची एक बारीक वायर मुळापासून तुटली. आणि शेवटी क्रमाने मांडलेल्या स्क्रूंमधला एक उरला. (म्हणजे स्क्रूंचाही झाला.)

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे पिशवीत लपवून नेला. त्याने तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि म्हणाला, “मॅडम, चार्जिंगचं भोक कुठंय?” मी म्हटलं, हा जुना आहे, सेलवरचा. तो म्हणाला, “मग याची बॉडी ठेवा, आत ब्लूटूथ टाकून देतो. मस्त वाजेल.” माझ्या डोळ्यांसमोर तुमचा चेहरा आला. मी पिशवी पोटाशी धरून घरी आले.

आता यापुढचं लिहिताना मला घाम येतो आहे. (भाऊजी, इथे जरा पाणी प्या, काकांनाही द्या.) तुमची फळी रिकामी दिसू नये म्हणून मी बाबांना म्हटलं की रेडिओ मागच्या खोलीत ठेवते, टॉवेल वाळत घालतो तिथे, पडद्यामागे, तिथे केस उडत नाहीत. हे खरंच होतं. तिथे केस उडत नाहीत. दुसऱ्या सकाळी पेन्शनर आजोबा खुर्चीत बसले होते, तेच ते, रोज दाढीला येतात आणि रेडिओशी भांडतात. बाबांनी त्यांच्या गालांना साबण लावला आणि मला हाक मारली, “अगं, लाव गं रेडिओ. बातम्यांची वेळ झाली.”

मी पडद्यामागे गेले. सवयीने बटण फिरवलं. काटा उलटा गेला. बाहेर बाबांचा वस्तरा थांबल्याचं मला ऐकू आलं. दुकान इतकं गप्प झालं की साबणाचे बुडबुडे फुटत होते ते ऐकू यावेत. माझ्या पिशवीत वाचनालयातले आदल्या दिवशीचे पेपर होते. (वाचनालयातली माझी दुपारची नोकरी अजून आहे, शिळे पेपर घरी न्यायची परवानगी आहे, चोरी नाही.) आणि मग, काका, मला माझाच आवाज ऐकू आला. तो नाकातून येत होता आणि म्हणत होता, “नमस्कार. कालच्या ठळक बातम्या.”

कालच्या असं म्हटलं, कारण त्या कालच्या होत्या. आजच्या म्हणणं खोटं झालं असतं. मी मनात म्हणत होते, आता बाबा पडदा बाजूला करतील, आता करतील. पण वस्तरा पुन्हा चालू झाला. पेन्शनर आजोबा साबणातून म्हणाले, “ऐकलंस का? स्वतःच्या तोंडाने कबूल करते, कालच्या म्हणून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेडिओ खरं बोलला.”

त्या दिवसापासून सकाळच्या बातम्या मी देते आहे. (हे वाचून झाल्यावर काकांच्या चेहऱ्याकडे बघू नका.) मी ठरवलं होतं की एवढ्या मोठ्या खोटेपणात निदान आतला शब्द न् शब्द खरा ठेवायचा. पेपरात जे छापलं असेल तेच वाचते. एखादं नाव वाचायला चुकलं तर दुसऱ्या दिवशी आधी दिलगिरी व्यक्त करते. हवामानाची मात्र पंचाईत होते, कारण कालचं हवामान सांगून उपयोग नाही. म्हणून मी वरच्या झरोक्यातून बाहेर बघते आणि सांगते, “आकाश ढगाळ दिसत आहे. पाऊस पडेल असं वाटतं, पण खात्री देता येत नाही.” समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्यांनी त्यावरून छत्री नेली आणि पाऊस पडला नाही. ते परत येऊन दुकानात म्हणाले, “तुमच्या रेडिओने मला उन्हात छत्री घेऊन हिंडवलं.” मला इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या सुरुवातीला मी म्हटलं, “काल ज्यांना छत्रीचा त्रास झाला त्यांची आम्ही क्षमा मागतो.” बाहेर बाबांना खोकला आला.

एका सकाळी माझे पहिलीचे गुरुजी केस कापायला आले. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, म्हणून मी पडद्यामागे आपोआप उभी राहिले आणि उभ्यानेच वाचायला लागले. थोडा वेळ ऐकून गुरुजी म्हणाले, “ही बाई पूर्णविरामाला थांबते. हल्ली कोणी थांबत नाही. हिच्या गुरुजींनी हिला पट्टीने शिकवलेलं दिसतंय.” पट्टीनेच शिकवलं होतं, काका. माझा तळहात आठवणीने चुरचुरला.

मॅचच्या दिवशी फार हाल झाले. गिऱ्हाइकांनी आग्रह केला, बातम्या पुरे, मॅच लावा. मी दुकानातला मोबाइल पडद्यामागे नेऊन त्यावर धावसंख्या बघून सांगत होते आणि मधेच नेट गेलं. मी म्हटलं, “आमचा मैदानाशी संपर्क तुटला आहे.” हे अक्षरशः खरं होतं. पण बाहेर बाकावर बसलेल्या एकाच्या मोबाइलवर नेट होतं. तो म्हणाला, “अहो, विकेट पडून चहासुद्धा पिऊन झाला, ही बाई झोपली काय?” आणि पेन्शनर आजोबांचं तर काय सांगू. त्यांना एखादी बातमी आवडली नाही की ते साबणाच्या तोंडाने उठतात, पडद्यातून नुसता हात आत घालतात आणि चाचपडत रेडिओचं बटण फिरवतात. समोर तो सुरकुतलेला हात, त्याच्या बोटात बटण, काटा उलटा चाललेला, आणि मी भिंतीला चिकटून उभी. बटण फिरलं म्हणजे स्टेशन बदलायलाच हवं! मग मी आवाज बदलून पेपरच्या मागच्या पानावरचा सल्ला वाचते, “पायांच्या भेगांची काळजी.” तेही नको झालं की हात पुन्हा येतो. एकदा त्यांनी चार वेळा बटण फिरवलं आणि माझ्याजवळचे आवाज संपले. शेवटी मी नुसती खरखर केली, तुमचा रेडिओ करायचा तशी. तेव्हा हात आत आला आणि रेडिओच्या डाव्या अंगाला एक चापट मारून गेला. मी दचकून गप्प झाले. बाहेर आजोबा म्हणाले, “बघ, चापट लागली की ताळ्यावर येतो.”

घसा मात्र बसत चालला आहे. बरं झालं, मागच्या खोलीत फळीवर रोज सकाळी पाण्याचा तांब्या भरलेला असतो. (आई ठेवत असावी. टॉवेलांवर शिंपडायला.)

हे असंच चालवून तुम्ही येईपर्यंत मी काही तरी केलं असतं. पण परवा गिरणीवाले काका आले. तुम्हाला माहीतच आहे, जन्म गिरणीच्या घरघरीत गेल्याने त्यांना कमी ऐकू येतं, तरी ते हल्ली रोज बातम्यांना येऊन बसतात. बाबा त्यांना मोठ्याने सांगत होते, “मुलीनं स्वतः पाठ उघडून साफ केला रेडिओ! शिकलेली आहे ना!” काका, चक्क बाबा! जे बाबा गिऱ्हाइकाला ‘मान खाली’ यापलीकडे काही बोलत नाहीत, ते बोलत होते. आणि काल गिरणीवाले काका पिठाने पांढरा झालेला एक रेडिओ घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून म्हणाले, “माझ्या वडिलांचा आहे. बंद पडून जमाना झाला. तुझ्या हातानं बोलेल.” मी “बघते” म्हटलं. आता तो तुमच्या रेडिओशेजारी फळीवर बसला आहे. दोन्ही माझ्याकडे बघतात. एका रेडिओचा आवाज मी झाले, काका, पण दोन स्टेशनं मी कुठून होऊ? आणि तो त्यांच्या वडिलांचा आवाज म्हणून परत मागतील, तेव्हा मी काय सांगू?

लाज म्हणजे काय ते मला या महिन्यात कळलं. लाज वाटली की माणूस तोंड लपवतो असं म्हणतात. माझं तर उलटंच झालं आहे, लाज वाटली म्हणून मी रोज सकाळी मोठ्याने बोलते.

काकूला सांगा, तिने लावलेल्या कुंडीला पाणी घालते आहे. गुडघ्याला जपा.

तुमची शिकलेली पुतणी
(हे शब्द नेहमी बाबा लिहायला लावतात म्हणून लिहिले. या वेळी वाचले नाहीत तरी चालेल.)

ता. क. खरं मागणं लिहायचं राहिलं. काका, तुम्ही बाबांना फोन करून एवढंच सांगा की “रेडिओ बंद ठेव असं मीच पोरीला सांगितलं होतं.” म्हणजे बातम्या थांबवता येतील, गिरणीवाल्यांचाही परत देता येईल, आणि बाबांना काही कळणार नाही. आणि ती काडी कुठल्या पेटीतली होती तेही कळवा.

ता. क. वरचं मागणं रद्द समजा. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगते आहे हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. काडीचं मात्र रद्द नाही.

ता. क. पाकीट पुन्हा उघडलं आहे, कारण आज सकाळी जे झालं ते न सांगता हे पत्र पाठवणं म्हणजेसुद्धा खोटंच.

बातम्या संपवून मी पडद्यामागे तांब्यातलं पाणी पीत होते. पडदा बाजूला झाला आणि बाबा आत आले. हातात दुसरा भरलेला तांब्या होता. तो त्यांनी फळीवर ठेवला, म्हणजे भरलेले तांबे तेच ठेवत होते हे मला तेव्हा समजलं. मग खिशातून चारही सेल काढून माझ्यासमोर मांडले. म्हणाले, “हे माझ्या ड्रॉवरमधे पडून होते. तू पहिल्यांदा नमस्कार म्हणालीस ना, तेव्हाही तिथेच होते.”

मी टॉवेलांच्या टोपलीवर बसले. विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

“तू वाचत होतीस,” बाबा म्हणाले. “मधेच कशाला बोलायचं?” मग बाहेर जायला वळले आणि वळता वळता म्हणाले, “तुला शाळेत घातलं, कॉलेजात घातलं, आणि तू सगळं मनातल्या मनात वाचायचीस. कोपऱ्यात बसून. आम्हाला कधी ऐकूच आलं नाही, तू काय वाचतेस ते.”

मी विचारलं, आणि बाकीच्यांना? बाबा म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे. फक्त गिरणीवाल्याला वाटतं, रेडिओ धडधाकट आहे आणि तू हौसेने वाचतेस. पेन्शनर आजोबा बटण मुद्दाम फिरवतात, पोरगी पुढे काय करते ते बघायला. गुरुजींनी तर पहिल्याच पूर्णविरामाला ओळखलं. आणि काका, हे तुम्हाला ऐकून वाईट वाटेल, पण बाबांचे शब्द आहेत: “तुझा काका काय वेगळं करायचा? रेडिओ खरखरला की पुढची बातमी तोच पुरी करायचा, मनानं. त्याच्या बातम्यांत दर आठवड्याला एक तरी पूल कोसळायचा. तुझे पूल तरी पेपरात कोसळलेले असतात.”

मग त्यांनी विचारलं, “गिरणीवाल्याचा रेडिओ करता येतो का तुला?”

मी म्हटलं, नाही. मला येत नाही.

“बरं,” बाबा म्हणाले. ते ‘बरं’ मी इतकी वर्षं भीत होते तसं नव्हतंच. दूध उतू गेलं नाही, असं सांगितल्यावर म्हणतात तसं होतं. “मग त्याला सांग. तूच सांग.”

मी रेडिओ घेऊन दुकानात गेले. सगळी मंडळी बाकावर होती. गिरणीवाल्या काकांपुढे उभी राहून मी हळूच म्हटलं की मला दुरुस्त करता येत नाही. ते म्हणाले, “काय?” मी जरा मोठ्याने म्हटलं. ते हात कानामागे धरून म्हणाले, “काय म्हणतेस?” शेवटी मी जीव एकवटून ओरडले, “मला रेडिओ दुरुस्त करता येत नाही!” समोरचे चष्मेवाले दुकानाबाहेर आले. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. रस्त्यातला एकजण सायकलवरून उतरला. गिरणीवाले काका म्हणाले, “मग तसं सांगायचं की! घाबरलो ना मी. उद्या बातम्या देणार आहेस का नाही?” आणि आपला रेडिओ काखेत मारून बसून राहिले.

बाबांचा तुम्हाला निरोप आहे: रेडिओची घाई नाही, गुडघा पुरा बरा करूनच ये, आणि आल्यावर पुलांच्या बाबतीत जरा जपून. माझी मात्र तुम्हाला विनंती आहे, लवकर या. गिऱ्हाइकं आता गाणी मागायला लागली आहेत. मला तेही येत नाही.

ता. क. पाकिटात एक स्क्रू ठेवला आहे. तो कुठला आहे ते तुम्ही हातात घेऊन ओळखाल.

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी सवयीने पडद्यामागे जायला लागले तर म्हणाले, बाहेर बस. तुमच्या खुर्चीवरचं कापड त्यांनीच काढलं. मी तिथे बसून पहिल्यापासून सगळं वाचलं, आणि भरात कंससुद्धा मोठ्याने वाचून गेले. तेव्हा भाऊजी, आता काही लपवायला नको. पुन्हा सुरुवात करा आणि सगळं मोठ्याने वाचा. पूर्णविरामाला थांबा.